बोहेमियातील जर्मन वाङ्मय : भाषा, भूमी आणि महाराष्ट्राशी असलेले अनुबंध

चेक राष्ट्राचा पहिला थोर इतिहासकार फ्रांतिशेक पालात्स्की ह्याने आपल्या देशाचा इतिहास प्रथम जर्मन भाषेत लिहावयास घेतला. १८३६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला, तेव्हा ग्रंथाचे नाव ‘बोहेमियाचा इतिहास’ असे होते. बारा वर्षांनी, १८४८ मध्ये, हाच इतिहास चेक भाषेत निघू लागला आणि त्याचे नाव बदलले. ते ‘बोहेमिया व मोराविया येथील चेक राष्ट्राचा इतिहास’ असे झाले. ग्रंथकार एकच, विषय एकच, मजकूरही बव्हंशी एकच. परंतु पहिल्या नावात भूमी आहे आणि दुसऱ्या नावात लोक आहेत. भूमीच्या इतिहासात तेथे राहणारे जर्मनभाषी आपोआपच येतात. लोकांच्या इतिहासात ते कोण, शेजारी की परके, हे आधी ठरवावे लागते. पालात्स्कीने नाव बदलले त्यानंतर पुरती शंभर वर्षेही लोटली नाहीत, तोच बोहेमिया-मोरावियातील सुमारे तीस लक्ष जर्मनभाषी लोकांना देश सोडावा लागला.

ह्या प्रश्नाची एक बाजू निव्वळ शब्दांची आहे, आणि ती भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने नजरेआड करण्यासारखी नाही. जर्मन भाषेत ‘ब्योमिश’ आणि ‘चेखिश’ असे दोन शब्द आहेत. पहिला बोहेमिया ह्या भूमीशी संबंधित. दुसरा चेक भाषेशी व ती बोलणाऱ्यांशी. चेक भाषेत मात्र ‘चेस्की’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांचे ओझे वाहतो. त्यामुळे ‘मी बोहेमियाचा आहे, पण चेक नाही’ हे वाक्य जर्मनमध्ये सहज बोलता येते. चेकमध्ये ते बोलू गेल्यास स्वतःच्याच विरुद्ध जाते. जी ओळख एका भाषेत एका शब्दाने सांगता येते, ती दुसरीत सांगावयास अख्खे वाक्य खर्ची घालावे लागते. आणि राजकारणाच्या धामधुमीत एवढे लांब वाक्य ऐकून घेण्यास कोणास सवड नसते. मराठी वाचकाला हा भेद समजण्यास ‘महाराष्ट्रीय’ आणि ‘मराठी’ हे दोन शब्द शेजारी ठेवले म्हणजे पुरे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनी आपल्या कोशास ‘मराठी ज्ञानकोश’ न म्हणता ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ म्हटले. ह्या कोशाचा बोहेमियाच्या राजधानीशी जडलेला संबंध पुढे यावयाचाच आहे.

नागपूरकरांना हा विषय दूरदेशीचा वाटावयास नको. १८६१ साली मध्य प्रांताची रचना झाल्यापासून १९५६ पर्यंत हे शहर हिंदी व मराठी अशा दोन भाषांच्या मुलखाची राजधानी होते. त्याच शहराच्या उत्तर अंगास जरीपटका ही वसाहत आहे. नाव मराठ्यांच्या निशाणाचे. वस्ती मुख्यत्वे १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची. तेथे एक भाषा आपली भूमी मागे टाकून आली आणि दुसऱ्या भाषेच्या भूमीवर नांदू लागली. अशा वस्तीत जे लिहिले जाते ते कोणत्या वाङ्मयाच्या इतिहासात घालावे, ह्या प्रश्नाला वाङ्मयेतिहासकार सहसा हात घालत नाहीत. बोहेमियात तो टाळता आला नाही; तेव्हा आधी तिकडे पाहणे इष्ट.

बोहेमियातील जर्मनभाषी वस्ती मध्ययुगाइतकी जुनी आहे. परंतु दोन भाषांचे पारडे खरोखर झुकले ते १६२० सालच्या शुभ्रगिरीच्या लढाईनंतर. त्या लढाईत बोहेमियाच्या सरदारांचा हाब्सबुर्ग सम्राटाने पराभव केला. पुढील वर्षी सत्तावीस पुढाऱ्यांना प्रागच्या चौकात देहान्त शासन झाले. आणि १६२७ च्या नव्या राज्यविधानाने जर्मन भाषेस चेकच्या बरोबरीचा दर्जा मिळाला. बरोबरीचा दर्जा हा शब्द दिसावयास सौम्य आहे. राजसत्ता ज्या भाषेच्या पाठीशी असते तिला बरोबरी मिळाली म्हणजे दुसरीची पीछेहाट सुरू झाली असे समजावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दुसरा योसेफ ह्याने जर्मन ही कारभाराची भाषा केली, तोवर विद्वानांची भाषाही तीच होऊन बसली होती.

म्हणूनच चेक भाषेचे पुनरुज्जीवन ज्यांनी केले, त्यांनी ते प्रथम जर्मनमधून केले. चेक भाषाशास्त्राचा आद्य प्रवर्तक योसेफ दोब्रोव्स्की ह्याने १७९२ साली चेक भाषेचा व वाङ्मयाचा इतिहास लिहिला तो जर्मनमध्ये. १८०९ सालचे त्याचे चेक व्याकरणही जर्मनमध्येच आहे. ही भाषा उच्च वाङ्मयाचे वाहन पुन्हा होऊ शकेल, ह्याविषयी तो स्वतः साशंक होता. तिचे व्याकरण त्याने जतन करावयाचे म्हणून लिहिले. पुढच्या पिढीने ते वापरावयाचे म्हणून वाचले. योसेफ युंगमानचा पाच खंडांचा कोश १८३५ ते १८३९ ह्या काळात निघाला तो चेक-जर्मन असाच होता. चेक काव्याचा शिरोमणी कारेल हिनेक माखा ह्याचे पहिले काव्यप्रयत्न जर्मन भाषेत आहेत. मराठीत दादोबा पांडुरंग किंवा विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांच्या पिढीचे इंग्रजीशी जे नाते होते त्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु फरकही मोठा आहे. इंग्रजी ही मुंबई-पुण्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्याची घरची भाषा कधीच नव्हती. प्रागमध्ये व उत्तर बोहेमियाच्या गिरण्यांत जर्मन ही हजारो सामान्य माणसांची मायबोली होती.

उलट बाजूनेही वाहतूक होती, आणि तिची आठवण पुढे दोन्ही पक्षांना गैरसोयीची झाली. मोरित्स हार्टमानचा ‘चषक आणि खड्ग’ हा काव्यसंग्रह १८४५ साली आणि आल्फ्रेट माइस्नरचे ‘झिश्का’ हे दीर्घकाव्य १८४६ साली प्रसिद्ध झाले. दोन्ही कवी जर्मन लिहिणारे. दोघांचे स्फूर्तिस्थान हुसपंथीयांचा लढा, म्हणजे चेक इतिहासातील सर्वांत अभिमानाचे प्रकरण. आडालबेर्ट श्टिफ्टर हा दक्षिण बोहेमियातील ओबरप्लान गावचा. त्याने १८६५ ते १८६७ ह्या काळात ‘विटिको’ ही बाराव्या शतकातील बोहेमियावरची कादंबरी लिहिली आणि ती आपल्या देशबांधवांस, विशेषतः प्राग नगरीस, अर्पण केली. देशबांधव म्हणताना त्याच्या मनात भाषेची चाळणी नव्हती. गणितज्ञ व तत्त्वचिंतक बेर्नार्ड बोल्झानो ह्याने तर एका भूमीचे दोन भाषिक समाज मिळून एकच राष्ट्र होते, असा स्पष्ट उपदेश प्रागच्या विद्यापीठात केला होता. त्याला तेथून निवृत्त व्हावे लागले. तेव्हा सरकारचा रोष त्याच्या इतर मतांवर होता. त्याचे हे भाषाविषयक मत मात्र पुढे दोन्ही राष्ट्रवाद्यांनी मिळून निकालात काढले.

१८४८ नंतर चित्र पालटले. फ्रांकफुर्टच्या जर्मन संसदेचे निमंत्रण आले असता पालात्स्कीने ते नाकारले आणि आपण स्लाव वंशाचे बोहेमियन आहोत असे कळविले. ते नकाराचे पत्रही जर्मनमध्येच आहे. १८८२ साली प्रागच्या प्राचीन विद्यापीठाची चेक व जर्मन अशी दोन विद्यापीठे झाली. चेकांचे राष्ट्रीय नाट्यगृह १८८३ पासून कायमचे सुरू झाले. जर्मनांनी १८८८ मध्ये आपले नवे नाट्यगृह बांधले. साऱ्या बोहेमियात जर्मनभाषी एकतृतीयांशाहून अधिक होते; पण खुद्द प्रागमध्ये शतकाच्या अखेरीस ते शेकडा दहाहूनही कमी उरले होते, आणि त्यांत ज्यू कुटुंबांचा वाटा मोठा होता. ह्या मूठभर वस्तीतून रिल्के, काफ्का, व्हेर्फेल, माक्स ब्रोट, कीश अशी नामावळी निघाली. जगाच्या वाङ्मयात असे उदाहरण विरळा. पावेल आइस्नर ह्या द्विभाषिक टीकाकाराने त्यांच्या स्थितीला तिहेरी कोंडवाड्याची उपमा दिली : जर्मन म्हणून, ज्यू म्हणून आणि सुखवस्तू वर्ग म्हणून ते तीन भिंतींआड होते, असे त्याचे म्हणणे. ही उपमा इतकी लोकप्रिय झाली की तीच वस्तुस्थिती मानली जाऊ लागली. ती पुरती खरी नाही. रिल्केचा १८९५ सालचा तरुणपणीचा काव्यसंग्रह प्रागच्या चेक जीवनाच्या खुणांनी भरलेला आहे. काफ्का कामगार-अपघात-विमा संस्थेत नोकरी करीत असता चेक उत्तम जाणत होता. यानाचेकच्या संगीतनाटकांना जर्मन रंगभूमीवर नेले ते ब्रोटने; हाशेकच्या श्वेइक शिपायाची थोरवी प्रथम ओळखणाऱ्यांतही तोच होता. खुद्द आइस्नरने काफ्काची ‘किल्ला’ ही कादंबरी १९३५ साली चेकमध्ये आणली. भिंती होत्या, पण त्यांना दारे होती आणि त्या दारांतून येजाही होत होती.

विद्यापीठ दुभंगल्याने प्रागमध्ये संस्कृताध्ययनाचीही दोन घरे झाली. जर्मन विद्यापीठात आल्फ्रेट लूडविग ह्याने ऋग्वेदाचे जर्मन गद्य भाषांतर टीपांसह १८७६ ते १८८८ ह्या काळात पुरे केले. चेक विद्यापीठात योसेफ झुबाटी व पुढे व्हिन्सेन्स लेस्नी हे अध्यापक झाले. एकाच गावात ऋग्वेदाचे दोन वर्ग भरत, आणि विद्यार्थी कोणत्या वर्गात बसावयाचा हे त्याच्या घरच्या भाषेवरून ठरे. लूडविगच्या परंपरेत मोरिस विंटरनिट्झ आले. त्यांचा जन्म १८६३ सालचा, खालच्या ऑस्ट्रियातील हॉर्न गावचा, ज्यू कुटुंबातील. व्हिएन्नात ते ग्योर्ग ब्यूलरचे शिष्य झाले. आणि ब्यूलर म्हणजे ज्यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केले व पुढे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात अनेक वर्षे घालविली, तेच. ऑक्सफर्ड येथे काही वर्षे माक्स म्युलरच्या हाताखाली काम केलेले विंटरनिट्झ १८९९ मध्ये प्रागला आले आणि मृत्यूपर्यंत तेथेच राहिले. १९१८ साली साम्राज्य मोडले तेव्हा घर न बदलता त्यांचा देश बदलला. ते चेकोस्लोव्हाकियाचे नागरिक झाले.

त्यांच्या मुख्य ग्रंथाचे नाव येथे नीट पाहावयास हवे. लाइप्त्सिग येथे १९०५ पासून १९२२ पर्यंत तीन खंडांत निघालेल्या ह्या ग्रंथाचे नाव ‘भारतीय वाङ्मयाचा इतिहास’ असे आहे. माक्स म्युलरचा १८५९ चा ग्रंथ ‘प्राचीन संस्कृत वाङ्मयाचा इतिहास’ होता. मॅक्डोनेलचा १९०० सालचा ‘संस्कृत वाङ्मयाचा इतिहास’ होता. विंटरनिट्झ ह्यांनी भाषेचे नाव न घेता देशाचे घेतले, आणि त्या नावाखाली वेद, महाकाव्ये, पुराणे ह्यांच्याबरोबर पालीतील बौद्ध व प्राकृतातील जैन वाङ्मयालाही पूर्ण मानाने जागा दिली. आल्ब्रेख्त वेबरने १८५२ मध्ये असेच नाव योजिले होते, हे खरे. नावाची मौलिकता विंटरनिट्झ ह्यांच्याकडे जात नाही. परंतु ज्या विद्यापीठाचे भाषेवरून दोन तुकडे झाले, त्यातील अध्यापकाने अनेक भाषांचे एक वाङ्मय एका भूमीच्या नावाने लिहावे, ह्यात नुसता योगायोग पाहणे कठीण आहे. पालात्स्कीने जे नाव टाकून दिले, त्याच जातीचे नाव त्याच नगरात राहणाऱ्या ह्या अध्यापकाने दुसऱ्या देशाच्या वाङ्मयासाठी उचलले.

ह्या ग्रंथाचा मार्ग नागपूर-पुण्यावरून गेला. डॉ. केतकर ह्यांचा जन्म १८८४ साली मध्य प्रांतातील रायपूर येथे झाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट १९११ मध्ये संपादून ते लंडनमार्गे परत आले, आणि १९१६ साली नागपुरास ज्ञानकोश मंडळ ही मर्यादित मंडळी स्थापन झाली. कचेरी पुढे पुण्यास गेली तरी खंडांवर नागपूरच्या मंडळाचे नाव राहिले. तेवीस खंडांचे काम १९२० च्या दशकातच तडीस गेले. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत आणि त्यांतील दुसरा ‘वेदविद्या’ हा आहे. वेदांवरील ताजे संशोधन त्या काळी बहुतांशी जर्मन भाषेत होते. आणि मराठी कोशकाराच्या घरातच जर्मन भाषा होती. लंडनमध्ये परिचय झालेल्या ईडिथ कोन ह्या जर्मन ज्यू घराण्यातील विदुषी १९२० साली व्रात्यस्तोम विधीने हिंदू झाल्या, शीलवती हे नाव घेऊन केतकरांच्या पत्नी झाल्या, आणि ज्ञानकोशाच्या कामास त्यांच्या भाषाज्ञानाचा हातभार लागला. विंटरनिट्झ ह्यांच्या पहिल्या खंडाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी पतीच्या उपयोगासाठी केले होते.

रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून विंटरनिट्झ १९२२-२३ मध्ये शांतिनिकेतनात अभ्यागत अध्यापक होते. चेक विद्यापीठाचे लेस्नीही त्याच सुमारास तेथे होते. प्रागमध्ये जे दोन निराळ्या इमारतींत शिकवीत ते बंगालमधल्या झाडांखाली एकत्र आले. ह्या वास्तव्यात विंटरनिट्झ पुण्यासही आले. महाभारताची चिकित्सक आवृत्ती निघाली पाहिजे, ही मागणी त्यांनी युरोपातील प्राच्यविद्यापरिषदेत १८९७ पासून लावून धरली होती. ते काम भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतले होते. त्या आवृत्तीचे ते अखेरपर्यंत साक्षेपी समीक्षक व हितचिंतक राहिले. पुण्याच्या घरात झालेल्या त्या भाषांतराची ग्रंथकाराने स्वतः सुधारणा केली आणि कलकत्ता विद्यापीठाने त्याचा पहिला खंड १९२७ साली प्रसिद्ध केला. मुखपृष्ठावर ‘मिसेस एस. केतकर’ असे नाव आहे. दुसरा खंड १९३३ मध्ये निघाला; त्यावर शीलवतीबाईंबरोबर मिस एच. कोन ह्यांचेही नाव आहे. भारतातील संस्कृतच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी विंटरनिट्झ वाचले ते ह्याच भाषांतरातून. त्यांतील फार थोड्यांना भाषांतरकर्त्या बाई कोण हे ठाऊक असते. आणि प्रागच्या वाङ्मयाचा इतिहास लिहिणारेही सदाशिव पेठेपर्यंत सहसा पोहोचत नाहीत.

१९३७ च्या जानेवारीत विंटरनिट्झ प्रागला वारले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये केतकर पुण्यास वारले. पुढे जे घडले ते पाहण्याचा प्रसंग विंटरनिट्झ ह्यांच्यावर आला नाही. १९३८ च्या म्युनिक कराराने बोहेमियाचा सीमाप्रदेश जर्मनीने घेतला. १५ मार्च १९३९ रोजी हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले. नोव्हेंबरमध्ये सर्व चेक विद्यापीठे बंद झाली. जर्मन विद्यापीठ चालू राहिले, पण विंटरनिट्झ जे होते तसल्यांना तेथे उंबरा चढण्याचीही मुभा नव्हती. त्यांचे शिष्य ऑटो श्टाइन, ज्यांनी मेगॅस्थेनीस आणि कौटिल्य ह्यांची सूक्ष्म तुलना केली, ते लोड्झच्या बंदिस्त ज्यू वस्तीत १९४२ मध्ये मृत्यू पावले. काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींच्या छळछावण्यांत नाहीशा झाल्या.

ह्या वादळाचे दोन-तीन थेंब मुंबईत पडले. कार्ल्सबाड येथे १९०७ मध्ये जन्मलेले संगीतकार वाल्टर काउफमान १९३४ सालीच मुंबईस आले होते. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ते १९३७ पासून १९४६ पर्यंत पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. पहाटे आकाशवाणी सुरू होताना वाजणारी, तंबोऱ्याच्या साथीवर व्हायोलिनची ती ओळखीची धून त्यांच्याच नावावर मानली जाते. त्यांच्या पत्नी गेर्टी ह्या काफ्काची बहीण एली हिची कन्या. महाराष्ट्रातल्या घराघरांत जी धून दिवस सुरू करीत असे तिच्यामागे बोहेमियाचे एक जर्मनभाषी घर होते, हे ऐकणाऱ्यांस कोठून ठाऊक असणार?

दुसरे नाव विली हास ह्यांचे. प्रागमध्ये १८९१ साली जन्मलेले हास हे काफ्का व व्हेर्फेलच्या मंडळातील. बर्लिनमध्ये १९२५ पासून ‘साहित्यजगत्’ हे साप्ताहिक त्यांनी नावारूपास आणले. १९३३ मध्ये हिटलर येताच ते प्रागला परतले, आणि १९३९ मध्ये प्रागही सोडून मुंबईस आले. तेथे मोहन भवनानी ह्यांच्या चित्रसंस्थेत पटकथा लिहिण्याचे काम त्यांना मिळाले. निघण्यापूर्वी मिलेना येसेन्स्का हिने काफ्काची आपणास आलेली पत्रे हासच्या स्वाधीन केली होती. मिलेना चेक, १९२० मध्ये तिने काफ्काची एक कथा चेकमध्ये प्रसिद्ध केली, तेच काफ्काचे पहिले भाषांतर. तो तिला जर्मनमध्ये लिही आणि तिने मात्र चेकमध्येच लिहावे असा आग्रह धरी. दोन भाषांतून चाललेल्या ह्या पत्रव्यवहाराचे एकच अर्ध उरले आहे. हासने ती पत्रे मुंबईस आणली नाहीत. प्रागमध्येच नातलगांकडे ठेवली, आणि बहुधा म्हणूनच ती वाचली. मिलेना १९४४ मध्ये राव्हेन्सब्र्युकच्या छावणीत मेली. युद्धानंतर युरोपात परतलेल्या हासने १९५२ साली ती पत्रे संपादून प्रसिद्ध केली. ज्या भवनानींनी त्यांना मुंबईत आसरा दिला, ते स्वतः बर्लिनमध्ये चित्रपटविद्या शिकून आलेले आणि मूळचे सिंधमधील हैदराबादचे. निर्वासिताला नोकरी देणाऱ्याच्या जन्मगावाहून आठच वर्षांनी निर्वासितांचे लोंढे निघावयाचे होते.

१९४५ मध्ये बोहेमियाच्या बाजूने हिशेब पुरा झाला. ऑक्टोबरमधील राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने प्रागचे जर्मन विद्यापीठ विसर्जित करण्यात आले, आणि १९४७ पर्यंत बहुतेक सारी जर्मनभाषी प्रजा देशाबाहेर काढण्यात आली. चेकांनी सहा वर्षे जे भोगले ते पाहता ह्या संतापाचे नवल वाटत नाही. परंतु परिणाम चमत्कारिक झाला. ज्यांनी प्रागचे जर्मन वाङ्मय निर्माण केले त्यांना जर्मनांनी ज्यू म्हणून मारले वा हाकलले. आणि जे थोडे वाचले त्यांतील कित्येकांना परत आल्यावर जर्मन म्हणून संशय सोसावा लागला. ‘जर्मन’ ह्या शब्दाने भाषा सांगावयाची की निष्ठा, हा विवेक दोन्ही वेळा कोणी केला नाही.

वाङ्मयाची परतफेड हळूहळू झाली. १९६३ च्या मे महिन्यात प्रागजवळील लिब्लित्से येथे एदुआर्द गोल्डश्टुकर ह्यांच्या पुढाकाराने काफ्कावर परिषद भरली. साम्यवादी राजवटीत नकोशा ठरलेल्या ह्या लेखकाचा तेथे प्रथमच आपला म्हणून विचार झाला. पाच वर्षांनी रशियन रणगाडे आले. गोल्डश्टुकर ह्यांना देश सोडावा लागला, आणि पुढे त्या परिषदेलाच १९६८ च्या ‘बंडाचे’ मूळ ठरविण्यात आले. वाङ्मयीन परिषदेचा इतका धसका राज्यकर्त्यांनी घेतल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल. लेन्का राइनेरोव्हा ही प्रागमध्ये जर्मन लिहिणारी अखेरची लेखिका २००८ मध्ये वारली. त्यापूर्वीच लिबुशे मोनिकोव्हा ही जन्माने चेक असलेली लेखिका जर्मनीत जाऊन जर्मनमध्ये कादंबऱ्या लिहून गेली होती, आणि त्यांचा विषय बोहेमियाच होता. ती चेक वाङ्मयात येते की जर्मन, ह्यावर अजून एकमत नाही.

जरीपटक्याच्या सिंधीशी ह्या इतिहासाची तुलना करताना दोन फरक प्रथम मान्य केले पाहिजेत. जर्मन ही बोहेमियात राज्यकर्त्यांची भाषा होती. सिंधी ही महाराष्ट्रात कधीच सत्तेची भाषा नव्हती. दुसरे, बोहेमियातून निघालेला जर्मन माणूस जर्मन बोलणाऱ्या मुलखात गेला. सिंधमधून निघालेला सिंधी माणूस जेथे गेला तेथे कोणीच सिंधी बोलत नव्हते. त्यामुळे भाषेचा संसार त्याला नव्याने, परक्या लिपींच्या गराड्यात, मांडावा लागला.

आणि लिपीचा वाद तर सोबतच आला होता. कॅप्टन स्टॅकचे सिंधी व्याकरण व कोश १८४९ साली देवनागरीत छापले गेले. १८५३ मध्ये सरकारने बावन्न अक्षरांची अरबी धाटणीची लिपी ठरविली. शाह अब्दुल लतीफ ह्यांचा ‘रिसालो’ प्रथम छापला गेला तो १८६६ साली लाइप्त्सिग येथे, एर्न्स्ट ट्रुंप ह्या जर्मन पंडिताच्या संपादनाखाली. विंटरनिट्झ ह्यांचा ग्रंथ पुढे ज्या गावी निघाला तेच हे गाव. फाळणीनंतर भारत सरकारने १९५० मध्ये देवनागरीचा पुरस्कार केला. विरोध झाल्यावर १९५१ मध्ये दोन्ही लिपींना मुभा दिली. साहित्य अकादमीने १९५७ साली सिंधीस मान्यता दिली. १० एप्रिल १९६७ रोजी घटनेच्या एकविसाव्या दुरुस्तीने ती आठव्या परिशिष्टात दाखल झाली. संस्कृत व उर्दू ह्या प्रांत नसलेल्या भाषा तेथे आधीपासून होत्या. परंतु जिची सारी भूमीच सरहद्दीपलीकडे राहिली अशी भाषा तेथे प्रथमच आली. राज्यघटनेने जे मान्य केले ते वाङ्मयेतिहासाने अद्याप केलेले नाही. मराठी वाङ्मयाचा इतिहास हा भाषेचा इतिहास आहे, त्यात सिंधी नसणे योग्यच. परंतु ‘विदर्भ’ वा ‘नागपूर’ हे नाव धारण करून जो वाङ्मयेतिहास लिहिला जातो, त्याला भूमीचे नाव घेऊन भाषेचा हिशेब देता यावयाचा नाही. तेथे हिंदी, उर्दू आणि सिंधी लेखन का गाळले ह्याचे कारण दिले पाहिजे. आणि विंटरनिट्झ ह्यांच्या ग्रंथनामाचा दाखला समोर असता ते कारण देणे सोपे नाही.

त्या कामाची पूर्वतयारी भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला जरीपटक्यात आजही करता येईल. सिंधीत चार ध्वनी असे आहेत की जे उच्चारताना श्वास बाहेर न पडता आत ओढला जातो. मराठीत ते नाहीत. देवनागरीत ते ग, ज, ड, ब ह्या अक्षरांखाली आडवी रेघ देऊन लिहितात. ज्या मुलांची शाळा मराठी, हिंदी वा इंग्रजी माध्यमाची आहे आणि ज्यांच्या आजोबांची पुस्तके अरबी धाटणीच्या लिपीत आहेत, त्यांच्या तोंडी हे चार ध्वनी कितपत टिकले आहेत, आणि त्या पुस्तकांतील कोणती येथेच लिहिली गेली, ह्याची पाहणी व सूची ज्यांना दोन्ही लिपी वाचता येतात अशी माणसे हयात आहेत तोवरच करावयाची आहे.